कोशांची फळी

कोणत्याही जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या मेजापुढील गर्दी मागे टाकून आत गेले, की बहुधा एखाद्या उजेडाच्या खिडकीजवळ, भिंतीच्या कडेने, जाड पुठ्ठ्यांच्या आणि पाठीवरील सोनेरी अक्षरे झिजून गेलेल्या ग्रंथांची एक फळी आढळते. या ग्रंथांवर ‘संदर्भ’ असा शिक्का असतो, त्यांना ग्रंथालयाबाहेर जाण्याची मुभा नसते, आणि एकेका खंडाचे वजन असे असते, की तो दोन्ही हातांनी उचलून मेजावर आणावा लागतो. कादंबरी बदलून नेणारा सभासद त्या फळीपाशी क्वचितच थांबतो. परंतु ज्याला एखाद्या गावाचा, व्यक्तीचा, रोगाचा, धातूचा किंवा मताचा मुळापासून शोध घ्यावयाचा आहे, त्याची वाट येथूनच निघते. आणि ती वाट कशी चालावी हे आपल्या शाळामहाविद्यालयांतून सहसा कोणी सांगत नसल्यामुळे, पुष्कळ विद्यार्थी एक तर या फळीकडे पाठ फिरवतात, नाही तर एखाद्या नोंदीतील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेऊन आपले काम झाले असे समजतात. या दोन्ही चालींनी कोशाचे मोल वाया जाते, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे.

आपल्याकडे कोश ही वस्तू नवी नाही. अमरसिंहाचा कोश शतकानुशतके पाठशाळांतून मुखोद्गत केला जात असे. त्याची रचना कांडांची आणि वर्गांची आहे. त्यात स्वर्गातील वस्तूंची नावे एकत्र येतात, वनस्पतींची एकत्र येतात, मनुष्यसमाजातील वर्णांची एकत्र येतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर राजाने रचलेला ‘मानसोल्लास’ हाही राज्यकारभारापासून पाकक्रियेपर्यंतचे ज्ञान शंभर अध्यायांत बसवणारा एक प्रकारचा ज्ञानसंग्रहच होय. या जुन्या ग्रंथांचा क्रम अर्थाचा क्रम होता, आणि ज्याने ग्रंथ पाठ केला त्याच्या मनात जगाची मांडणीही त्याच क्रमाने उतरत असे. अर्वाचीन कोशाने हा क्रम सोडला आणि अकारविल्हे मांडणी पत्करली. त्यामुळे ‘कापूस’ आणि ‘कापूर’ शेजारी आले, पण ‘कापूस’ आणि ‘सूत’ यांच्यामध्ये खंडच्या खंड पडले. सोय मोठी झाली. मात्र तिच्या मोबदल्यात वाचकाच्या शिरावर एक नवी जबाबदारी आली. आता शोधावयाचा शब्द आधी वाचकाजवळ असावा लागतो, आणि एकमेकांपासून दूर पडलेल्या नोंदी पुन्हा जोडण्याचे कामही त्यालाच करावे लागते. कोश वापरण्याची सारी विद्या म्हणजे ही जबाबदारी पार पाडण्याची विद्या होय.

मराठीत ही अर्वाचीन पद्धती भव्य प्रमाणावर प्रथम आणली ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. १८८४ साली रायपूर येथे जन्मलेल्या या गृहस्थाने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अध्ययन केले, हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला, डॉक्टर ही पदवी मिळवली, आणि एवढी तयारी असलेला मनुष्य ज्या सुखाच्या नोकरीकडे सहज वळला असता ती वाट सोडून, ज्या भाषेत शास्त्रीय विषयांची परिभाषादेखील स्थिर झालेली नव्हती त्या भाषेत सर्व विद्यांचा कोश रचण्याचे काम अंगावर घेतले. या कामाला राजाश्रय नव्हता. नागपुरास मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापून, तिचे भाग विकून, गावोगाव हिंडून ग्राहक आणि भागीदार मिळवून, पुढे पुण्यास कचेरी आणि छापखाना थाटून केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२० ते १९२९ या दशकात बाहेर काढले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहासही स्वतः लिहून ठेवला आहे. एखाद्या सरकारी खात्याचा जमाखर्च जितक्या बारकाईने लिहिला जातो तितक्या बारकाईने एका विद्वानाने आपल्या उद्योगाचा हिशेब समाजापुढे ठेवावा, ही गोष्ट आपल्या वाङ्मयात दुर्मीळ आहे. आणि ज्याला कोश कसा घडतो हे जाणून घ्यावयाचे आहे त्याने ज्ञानकोशाच्या आधी हे पुस्तक वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

ज्ञानकोशाची फळीवरील रांग नव्या वाचकाला प्रथम चकित करते. पहिला खंड उघडावा तर त्यात ‘अ’ नाही. पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच आहेत: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदींचे शरीरखंड त्यानंतर सुरू होतात. ज्याला घटकाभरात एखादी माहिती हवी आहे त्याला ही रचना अडचणीची वाटते, आणि तशी टीकाही तिच्यावर होऊ शकते. प्रमाणाचा तोल तीत सांभाळला गेलेला नाही, हे मलाही मान्य आहे. तथापि या पाच खंडांमागील बुद्धी मला फार थोर वाटते. इंग्रजी कोश वाचणाऱ्या इंग्रजाला आपण जगात कोठे उभे आहोत हे निराळे सांगावे लागत नव्हते, कारण तो कोशच त्याच्या दृष्टीने लिहिलेला होता. मराठी वाचकाला मात्र त्याच जगाचे ज्ञान देताना आधी त्याच्या पायाखालची भूमी दाखवणे अवश्य आहे, आपला इतिहास जगाच्या इतिहासाशी कोठे सांधला जातो हे त्याला प्रथम कळले पाहिजे, असे केतकरांनी जाणले. अकारविल्हे मांडणीने जगाचे जे तुकडे होतात त्यांना आधीच एक चौकट देऊन ठेवण्याचा तो प्रयत्न होता. म्हणून ज्ञानकोशातील एखाद्या प्राचीन विषयाचा शोध घेणाऱ्याने केवळ त्या शब्दाची नोंद पाहून थांबू नये. प्रस्तावनाखंडांतील संबंधित प्रकरण जरूर काढावे. पुष्कळ वेळा नोंदीत चार ओळी असतात आणि त्या विषयाचे खरे विवेचन तिकडे असते.

या प्रचंड कामाच्या मागे घरातही एक विद्याव्यासंगी व्यक्ती उभी होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोन, या जर्मन ज्यू घराण्यातील. विंटरनिट्झ या पंडिताच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले, आणि त्याचा पहिला भाग १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. केतकर १९३७ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. हाती पैसा उरलेला नव्हता. उरली होती ती ही फळी.

ज्ञानकोशाच्या शेवटाकडे एक सूचिखंड आहे. ग्रंथालयात सर्वांत कमी हाताळलेला खंड कोणता असे कोणी विचारले, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. आणि सर्वांत उपयोगी कोणता असे विचारले तरीही त्याच्याकडेच दाखवीन. माझ्या विद्यार्थिदशेत एका ग्रंथालयाच्या संदर्भविभागात बसणाऱ्या वयोवृद्ध ग्रंथपालांचा शिरस्ता असा होता, की कोणी कोश मागितला म्हणजे ते विचारलेला खंड न देता आधी सूचिखंड पुढे ठेवीत. तेव्हा त्याचा मला राग येई. त्याचे कारण पुढे कळले. एखाद्या विषयाला कोशात स्वतंत्र नोंद नसली, तरी त्याचा ऊहापोह पाच-सात नोंदींच्या पोटात झालेला असतो. एखाद्या लहान संस्थानाची हकीकत त्याच्या नावाखाली दोन ओळींत आटोपलेली असेल, पण शेजारच्या मोठ्या संस्थानाच्या नोंदीत, एखाद्या तहाच्या नोंदीत, तेथील एखाद्या ग्रंथकाराच्या चरित्रात तिचे धागे विखुरलेले असतात. आणि ते गोळा करून देणारी वस्तू सूचीवाचून दुसरी नाही.

इंग्रजी भाषेतील कोशांचा इतिहासही हेच सांगतो. एडिंबरो येथे १७६८ ते १७७१ या काळात तीन खंडांत निघालेला ब्रिटानिका १९१०-११ च्या अकराव्या आवृत्तीत २९ खंडांचा झाला, आणि त्यातील एकोणतिसावा खंड संपूर्ण सूचीचा होता. पुढे १९७४ साली पंधरावी आवृत्ती काढताना संपादकांनी कोशाचे लहान नोंदी आणि दीर्घ लेख असे दोन भाग पाडले, वर विद्यांच्या आराखड्याचा एक खंड दिला, आणि आता निराळ्या सूचीची गरज नाही असे ठरवले. वाचकांना आणि ग्रंथपालांना ते मानवले नाही. १९८५ साली दोन खंडांची सूची पुन्हा द्यावी लागली. दोनशे वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या संस्थेलाही जे सोडता आले नाही, ते आपण सोडावे यात शहाणपण नाही.

सूचीखालोखाल महत्त्व आहे ते वर्णक्रमाचे. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु नोंद असूनही ती न सापडल्याची बहुतेक उदाहरणे येथेच घडतात. मराठी वर्णमालेच्या शिरस्त्याने ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे ‘ळ’च्या पुढे, अगदी अखेरीस येतात, संस्कृत कोशांत मात्र ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात असतो. अनुस्वारयुक्त अक्षर साध्या अक्षराच्या आधी धरावे की नंतर, याविषयीही कोशाकोशांत भेद असतो. मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडाचा आरंभ ‘अंक’ या नोंदीने होतो, यावरून त्या कोशाचा नियम ध्यानात येतो. व्यक्तींच्या नोंदी अर्वाचीन काळापुरत्या आडनावाने आणि प्राचीन संतकवींच्या नावाने लावण्याची रीत आहे. त्यामुळे केतकर ‘क’मध्ये सापडतील, तर तुकाराम ‘त’मध्ये, ‘अंबिले’ किंवा ‘मोरे’ या नावाखाली नव्हेत. हे सारे नियम प्रत्येक कोशाच्या आरंभी, संपादकीय निवेदनात दिलेले असतात. ती चार पाने वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याचे चार दिवस पुढे खर्ची पडतात.

परिभाषेची अडचण याहून खोल आहे. वाचकाच्या मनात असलेला शब्द आणि कोशकाराने मुक्रर केलेला शब्द एकच असेल असे नाही. ‘मलेरिया’ शोधणाऱ्याने ‘हिवताप’ या शब्दापाशीही जाऊन पाहिले पाहिजे, ‘ॲसिड’ शोधणाऱ्याने ‘अम्ल’ काढले पाहिजे, ‘फिजिक्स’ म्हणणाऱ्याला ‘भौतिकी’ ठाऊक असली पाहिजे. मराठी विश्वकोशाच्या कर्त्यांना ही अडचण इतकी स्पष्ट दिसत होती, की त्यांनी कोशाचा पहिला खंड १९७६ साली काढण्यापूर्वी १९७३ सालीच परिभाषासंग्रहाचा एक स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला. घर बांधण्यापूर्वी विटा भाजाव्या लागतात, तसाच हा प्रकार होता. विश्वकोश वापरणाऱ्याने हा परिभाषाखंड डाव्या हाताशी ठेवावा.

विश्वकोशाचा विषय निघाला म्हणजे वाईचे स्मरण अपरिहार्य आहे. कृष्णाकाठच्या या गावात केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, तेथील मीमांसाकोश आणि धर्मकोश यांच्या रूपाने कोशरचनेची एक तपश्चर्या आधीपासूनच चालू होती, आणि त्या पाठशाळेतच घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाचे अध्यक्ष झाले. राज्याच्या स्थापनेच्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या शासनाने हे मंडळ निर्माण करावे, त्या मंडळाने सर्वविषयसंग्राहक कोशाची योजना हाती घ्यावी, आणि ते काम मुंबई-पुण्यात न ठेवता वाईसारख्या गावी व्हावे, ही मला महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातील एक अत्यंत शुभ घटना वाटते. १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. न्याय आणि मीमांसा शिकलेला एक पंडित, ज्याचे शिक्षण इंग्रजी विद्यालयात झालेले नव्हते, तो अणुभौतिकीपासून शिल्पकलेपर्यंतच्या नोंदींचे संपादन १९९४ साली देह ठेवीपर्यंत करीत होता. त्यांच्यामागून प्रा. मे. पुं. रेगे यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने ती धुरा सांभाळली. विसावा खंड पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन भागांत काढावा लागला. केतकरांनी भाग विकून जे काम दहा वर्षांत तडीस नेले, त्याच जातीच्या पण अधिक विस्तृत कामाला शासनाचा आधार असूनही चार दशके पुरली नाहीत, अशी तुलना काही लोक करतात. ती मला न्याय्य वाटत नाही. केतकरांच्या आणि तर्कतीर्थांच्या मध्ये विज्ञानाचा विस्तार किती झाला, आणि प्रत्येक नोंद त्या त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहवून घेण्याचा, ती तपासण्याचा व एका भाषेत आणण्याचा व्याप किती मोठा असतो, हे ज्याने एखादी नोंद लिहून पाहिली आहे त्यालाच कळेल.

विश्वकोशाच्या नोंदीचा शेवट हा तिचा सर्वांत मोलाचा भाग होय, आणि उतावळा वाचक नेमका तोच वगळतो. तेथे नोंदलेखकाचे नाव असते. एका नोंदीचे निरनिराळे भाग निरनिराळ्या जाणकारांनी लिहिले असतील, तर प्रत्येकाचे नाव त्याच्या भागाखाली येते. मूळ लेखन इंग्रजीत होऊन त्याचे मराठी दुसऱ्याने केले असेल, तर तशीही खूण आढळते. पुढे ‘पहा’ असे म्हणून संबंधित नोंदींची नावे येतात आणि अखेरीस संदर्भग्रंथांची यादी. नोंदीच्या मजकुरातही काही शब्दांपाशी बाण असतो. त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, अशी ती सूचना असते. लेखकाचे नाव म्हणजे जबाबदारीची सही. ‘पहा’ म्हणजे अकारविल्हे मांडणीने तोडलेला सांधा पुन्हा जोडून देणारा दुवा. आणि संदर्भग्रंथांची यादी म्हणजे कोशातून बाहेर पडण्याचा दरवाजा. या तिन्ही गोष्टी टिपणवहीत उतरवल्यावाचून नोंद वाचली, असे मी मानीत नाही.

सर्वसंग्राहक कोशांच्या शेजारी विशिष्ट विषयांचे कोश उभे असतात, आणि पुष्कळदा हवी ती वस्तू तेथेच मिळते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश अनुक्रमे १९३२, १९३७ आणि १९४६ साली दिले. बडोद्यास द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम या एकाच विषयाचा ज्ञानकोश दहा खंडांत सिद्ध केला. मल्लखांबाचा किंवा एखाद्या देशी खेळाचा शोध घेणाऱ्याला आजही त्याच्याइतका दुसरा आधार नाही. केतकरांच्या हाताखाली तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड रचले, त्याला पुरवणी जोडली, आणि सामान्य गृहस्थाला परवडेल असा ‘सुलभ विश्वकोश’ही सहा खंडांत काढला. गोव्यातील सत्तरी महालातल्या आंबेडे गावचे पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चा पहिला खंड १९६२ साली आणि दहावा १९७९ साली दिला. त्यासाठी ते देशभर हिंडले. सण, व्रत, क्षेत्र, लोकदैवत यांविषयी प्रथम कोठे पाहावे, असा प्रश्न पडणाऱ्याने त्यांच्या खंडांकडे निःशंकपणे जावे. लालित्यपूर्ण कथा लिहिणारा लेखक कोशकार झाला म्हणजे नोंदीलाही किती प्रसन्नता येते, हे तेथे दिसेल.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. कोशातील प्रत्येक नोंद ही एका विशिष्ट वर्षी दिलेली साक्ष आहे. न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे ऐकताना तो घटनेच्या वेळी कोठे होता हे आधी विचारतात, तसे कोश उघडताना मुद्रणाचे वर्ष आधी पाहावे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील शोधांची वार्ता सर जॉन मार्शल यांनी १९२४ साली जगापुढे ठेवली. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम तेव्हा ऐन मध्यावर होते. त्याआधी छापून झालेल्या कोणत्याही खंडातील प्राचीन हिंदुस्थानाचे चित्र सिंधुसंस्कृतीवाचूनचेच असणार, आणि हा केतकरांचा दोष नव्हे. प्लूटो १९३० साली सापडला, म्हणून तो ज्ञानकोशात नाही. २००६ पूर्वी छापलेल्या कोशांत तो नववा ग्रह आहे, आणि त्यानंतर तो बटुग्रह झाला. शिवछत्रपतींच्या जन्माचे वर्ष जुन्या ग्रंथांतून १६२७ असे मिळते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तीत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा दाखला निघाला, आणि त्यानंतर क्रमाक्रमाने १६३० हे वर्ष विद्वन्मान्य झाले. एखाद्या कोशात १६२७ दिसले, तर तो चुकीचा म्हणून मिटवून ठेवू नये. तो कोश कोणत्या साली, कोणत्या साधनांवर उभा होता, हे त्या आकड्यावरून ओळखावे. दृष्टिकोनाच्या बाबतीतही असेच आहे. ब्रिटानिकाच्या नावाजलेल्या अकराव्या आवृत्तीत मेरी क्युरी यांना स्वतंत्र नोंद नाही. त्यांचा उल्लेख पतीच्या नोंदीत येतो, आणि तोही त्यांना नोबेल पारितोषिक मिळून आठ वर्षे लोटल्यावर. त्या काळाची नजर कशी होती याचा याहून सबळ पुरावा कोणता मिळणार?

म्हणून संशोधनाची माझी रीत अशी ठरून गेली आहे, की एकच विषय किमान दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या कोशांत पाहावा आणि दोन्ही खंड मेजावर शेजारी उघडे ठेवावेत. जेथे दोन्ही जुळतात तेथे पाय टेकवावा. जेथे जुळत नाहीत तेथेच संशोधनाचा विषय दडलेला असतो.

रुजवातीचे हे महत्त्व मला एका चुकीने पटले. समर्थ रामदासांवरील एका निबंधासाठी मी एका जुन्या कोशातून त्यांच्या समाधीची मिती घेतली होती: माघ वद्य नवमी, शके १६०३. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढे गणित मला ठाऊक होते; मी ते केले आणि १६८१ असे लिहून मोकळा झालो. माझ्या शिक्षकांनी निबंध वाचून एकच प्रश्न विचारला, “महिना कोणता?” शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि ख्रिस्ती वर्ष जानेवारीत, त्यामुळे पौषाच्या सुमारास ख्रिस्ती वर्ष बदलते, आणि माघ-फाल्गुनातल्या मितींना ७९ मिळवावे लागतात. समाधीचे वर्ष १६८२ होय. कोशाने मला बरोबर मिती दिली होती. चूक माझी होती. त्यानंतर मी पाहिले, तर हीच चूक अनेक छापील पुस्तकांतून एकापासून दुसऱ्याने उचललेली होती. छापलेली चूक किती दीर्घायुषी असते, आणि मूळ साधनापर्यंत जाण्याचे दहा मिनिटांचे श्रम टाळल्याने ती कशी पोसली जाते, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

कोशातून बाहेर पडण्याची वेळही ओळखता आली पाहिजे. नोंद वाचून विषयाचा आवाका कळला, मुख्य नावे, वर्षे आणि पारिभाषिक शब्द टिपणकागदावर आले, संदर्भग्रंथांची यादी हाती आली, की खंड मिटवावा आणि ग्रंथालयाच्या तालिकेकडे वळावे. त्या यादीतील पुस्तके आता नावानिशी मागता येतात, आणि कोशाने पुरवलेले शब्द तालिकेत विषयशीर्षक म्हणून उपयोगी पडतात. प्रबंधात केवळ कोशाचा हवाला देऊन थांबणे अपुरे आहे. नोंदलेखकाने ज्या ग्रंथावर विधान आधारले तो ग्रंथ, आणि शक्य असेल तर त्या ग्रंथामागील दस्तऐवज पाहणे, हा संशोधकाचा धर्म आहे. कामाच्या शेवटी मात्र पुन्हा एकदा कोशाकडे यावे. आरंभी जी नोंद परिपूर्ण वाटली होती तिच्यातील उणिवा आता दिसू लागतात, आणि जी वाक्ये रुक्ष वाटली होती त्यांच्यामागे किती वाचन दडलेले आहे तेही उमजते.

आज ज्ञानकोश आणि विश्वकोश हे दोन्ही संगणकावर वाचावयास मिळतात, आणि दूरच्या खेड्यातील अथवा परदेशातील मराठी वाचकाला त्याचा फार मोठा लाभ झाला आहे. ब्रिटानिकाने तर २०१० च्या बत्तीस खंडांनंतर छापील आवृत्तीच काढली नाही, आणि २०१२ साली तसे जाहीर केले. पण यंत्राकडून शोध घेताना एक सावधगिरी बाळगावी. केतकरांचे खंड १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या पूर्वीचे आहेत. त्यांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत. आजच्या लेखनपद्धतीने टंकलेला शब्द यंत्र जुन्या मजकुरात शोधील, आणि नाही म्हणून सांगेल. वस्तुतः तो तेथे असेल. छापील खंडात बोट फिरवीत जाणारा डोळा हा फरक सहज ओलांडतो. शिवाय एका नोंदीकडे जाताना वाटेत भेटणाऱ्या शेजारच्या नोंदींनी मला जे विषय दिले, ते कोणत्याही शोधाने दिले नसते.

ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर बसणाऱ्या सद्गृहस्थांना माझी एक कळकळीची विनंती आहे. जागेच्या अडचणीमुळे निर्लेखनाची यादी करण्याची वेळ दर काही वर्षांनी येते, आणि तीत ‘कालबाह्य’ असा शेरा मारून जुन्या कोशांचे खंड रद्दीत घालण्याचा मोह होतो. नव्या विश्वकोशाने जुन्या ज्ञानकोशाची जागा घेतली, हा समज चुकीचा आहे. १९२५ साली मराठी मनुष्याला जग कसे दिसत होते, याचे उत्तर त्या जुन्या खंडांखेरीज अन्यत्र मिळणार नाही, आणि एक खंड गेला की उरलेल्या बावीस खंडांची किंमतही निम्म्याने घटते. ते खंड पुन्हा बांधून घ्या, सूचिखंड हरवला असेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून त्याची प्रत करवून आणा. आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे: आपल्या गावच्या ग्रंथालयात या आठवड्यात जा, संदर्भविभागात बसा, मनात जो विषय असेल तो घ्या, आणि ग्रंथपालांकडे आधी सूचिखंड मागा.